वाघाच्या अलीकडचं हिंगणी

बोरची ट्रिप करून आलात की सोमवारी ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘वाघ दिसला का?’ हिंगणी कसं आहे, हे कुणीच विचारत नाही. चूक त्यांची नाही. नागपूरहून निघायचं, केळझरच्या गणपतीला हात जोडायचे, सेलूला चहा मारायचा आणि हिंगणी मागे टाकत थेट बोरधरण गाठायचं, हा सगळ्यांचाच रूट. 1970 साली अभयारण्य आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या बोरचं गाभा क्षेत्र आहे अवघं 138 चौरस किलोमीटरचं. ताडोबापुढे चिमुकलंच! पण सागाचं जंगल, धरणाचं निळं पाणी आणि जमलंच तर वाघ, एवढं असताना वाटेतल्या गावात कोण थांबणार?

मी थांबले, कारण मामाच्या पिकअपची मागची सीट अडकली होती.

मामाची शेती हिंगणीजवळच. कापूस, तूर, सोयाबीन असं वर्धा जिल्ह्यातलं टिपिकल शेत. गाडी डबल केबिनची. म्हणजे पुढे दोघं, मागे तिघं आणि त्यामागे माल टाकायला उघडा हौदा. शहरात अशी गाडी ‘लाइफस्टाइल’ म्हणून घेतात. इथे तीच सकाळी खताची पोती वाहते आणि संध्याकाळी लग्नाला जाते. मागच्या सीटची पाठ पुढे पाडली की केबिनमध्येही चार पोती मावतात. त्या दिवशी मामाने पट्टा ओढला. पाठीची डावी बाजू सुटली, उजवी सुटलीच नाही. सीट तिरकी होऊन मधेच लटकली. ना धड वर, ना धड खाली!

एरवी यावर हसून विषय संपला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, सेवाग्रामला. जाताना एसटी चालली असती हो, पण येताना डोळ्याला पट्टी बांधलेल्या ऐंशीच्या आजीला स्टँडवर कुठे उभी करणार? शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं, ‘मॅडम, पूर्ण सीट असेंब्ली बदलावी लागेल. पार्ट यायला आठ-दहा दिवस.’ आकडा ऐकून मामाने फोन माझ्या हातात परत दिला.

मग आम्ही हिंगणीत मिस्त्रीकडे गेलो. दुकान म्हणजे टिनाचं शेड. आत विहिरीवरच्या मोटारी, फवारणीचे पंप, दोन बाइक आणि एक शिलाई मशीनसुद्धा. ‘आमची खासियत’ वगैरे बोर्ड नाही. जे बिघडतं ते इथे येतं, इतकंच.

मी उत्साहाने पट्टा ओढून दाखवायला गेले, तर तो म्हणाला, ‘वढू नका ताई. जेवढं वढान तेवढं ते घट्ट बसते. वायर तुटन.’

नंतर त्याने सगळं समजावून सांगितलं. सीटच्या पाठीला दोन्ही बाजूंना आकडे असतात. केबिनच्या भिंतीवरच्या लोखंडी कडीला ते पकडतात. पट्टा ओढला की सायकलच्या ब्रेकसारखी आतली वायर ताणली जाते आणि आकडे उघडतात. एका बाजूची वायर सैल झाली किंवा आकड्यात कचरा साचला, की एकच बाजू सुटते. अशा वेळी आपण सीट पुढे खेचतो आणि तिथेच फसतो. कारण खेचल्याने कडी आकड्यावर आणखी रुतून बसते. करायचं असतं उलटं. एकाने अडकलेला कोपरा जोर लावून मागे, भिंतीकडे दाबून धरायचा. भार हलका झाला की दुसऱ्याने आकड्याची छोटी पट्टी पेचकसाने सरकवायची.

मामाने कोपरा दाबला, मी मोबाइलचा टॉर्च धरला, मिस्त्रीने पेचकस आत घातला. ‘खट्!’ सीट खाली. इतका गोड आवाज मी मल्टिप्लेक्सच्या डॉल्बीतही ऐकलेला नाही.

आकड्यात काय निघालं असेल? मामाचं अख्खं वर्ष! कापसाचे तंतू, काळ्या मातीची धूळ आणि युरियाचे दाणे. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो, त्याने लोखंड गंजतं. मिस्त्रीने जुन्या टूथब्रशने, डिझेल लावून सगळं घासलं, कोरडं पुसलं आणि ग्रीसचं बोट फिरवलं. सैल वायर ताणून नट आवळला.

मामाला घाई होती. ‘जाऊ दे, दोरीनं बांधून टाकू,’ तो म्हणाला. मिस्त्री ऐकेना. जोरात ब्रेक लागला आणि पाठ सुटली, तर मागचं सामान थेट माणसाच्या पाठीत. त्याने सीट पाच वेळा पाडली, पाच वेळा लावली, दर वेळी दोन्ही कोपरे हिसडून पाहिले. ‘म्हातारं माणूस बसनार हाय ना जी?’ बिल झालं शंभर रुपये.

वर्ध्याच्या मातीत ही गोष्ट नवी नाही, हे मला परतताना आठवलं. गांधीजी सेवाग्रामला राहायला आले 1936 मध्ये. त्याआधी, 1929 साली त्यांच्या चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत 150 रुपयांच्या आत हवी, वेळेवर देखभाल केली तर यंत्र किमान 20 वर्षं चालायला हवं आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे दुरुस्ती हा यंत्राच्या डिझाइनचाच भाग! ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. 2022 साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तेव्हा यादीत शेतीची अवजारंही होती आणि वाहनंही. हिंगणीच्या शेडमध्ये तो हक्क रोजच बजावला जातो. फक्त असा माणूस प्रत्येक गावात टिकायला हवा. त्याची पोरं शहरात आपल्यासारखी नोकरी शोधणार आणि आपण ‘पूर्ण असेंब्ली’ बदलत बसणार, ही भीती खरी आहे.

दुसऱ्या दिवशी आजी मागच्या सीटवर ऐटीत बसून गेली आणि हिरवी पट्टी लावून तशीच परत आली. वाटेत तिची एकच तक्रार होती, मामा गाडी फार हळू चालवतो.

कसं जाल?
नागपूर किंवा वर्ध्याहून सेलूमार्गे हिंगणी, पुढे बोरधरण. स्वतःची गाडी सोयीची. पावसाळ्यात सफारी बंद असते, त्यामुळे आधी चौकशी करा. हाताशी अर्धा दिवस असेल तर वर्ध्यात 1938 साली सुरू झालेलं मगन संग्रहालय आणि सेवाग्राम आश्रम चुकवू नका. आणि हो, निघण्याआधी मागची सीट एकदा पाडून पाहा. बऱ्याच पिकअपमध्ये जॅक तिच्याच मागे असतो!