घडी मोडलेले कपडे

दर मे महिन्यात आत्या पुण्याहून विंझरला यायची, तेव्हा तिच्याकडे दोन पिशव्या असायच्या. एकीत खारी आणि टोस्ट, दुसरीत आतेबहिणीचे कपडे. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे तिला आखूड झालेलं मला बरोबर बसायचं. मी पिशवी हुंगायचे. तिला आमच्याकडे नसलेल्या कुठल्या तरी साबणाचा वास यायचा. पावसाळ्यात आमच्याकडचे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, चुलीवरच्या दोरीवर टाकावे लागतात, आणि शाळेत बाकावर बसलं की सगळ्या वर्गाला धुराचा वास. म्हणून तो साबण.

त्यात एकदा निळ्या मखमलीचा फ्रॉक निघाला. मी तो जत्रेला घातला. नेमकी आतेबहीणही आली होती. दहा जणांत तिने बोट दाखवून सांगितलं, "हा माझा फ्रॉक आहे." भांडण म्हणून नव्हे, ओळखीचं माणूस दिसावं तशा आनंदाने. खरंच तिचा होता. मी घरी येऊन तो काढला आणि पुन्हा घातला नाही.

मला लहान झालेले कपडे पुढे आळीतल्या एका मुलीकडे जायचे. शाळेत ती माझ्या एक वर्ष मागे. गणवेश सगळ्यांचे सारखेच, हरवू नयेत म्हणून आई कॉलरच्या आत लाल दोऱ्याने माझं पहिलं अक्षर काढायची. ते अक्षर मानेवर घेऊन ती मुलगी दोन वर्षं शाळेत आली. तिला काय वाटत असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. इंजिनिअरिंग झालं, हिंजवडीत नोकरी लागली, तरी पडला नाही.

पुण्यात कपड्यांची अदलाबदल आम्ही पाच जणींनी सुरू केली ती निव्वळ कपाट बंद होत नव्हतं म्हणून. सेलमध्ये घेतलेले, एकदा घालून फोटो काढलेले कुर्ते, कोविडच्या आधीच्या मापाच्या जीन्स. नियम मी केले, कारण नियम करणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. एक कपडा आणला की पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान मिळणार, एक पान दिलं की एक कपडा उचलायचा. थेट वस्तूला वस्तू ठेवली तर अडतं. मला तुझा कुर्ता हवा असतो आणि तुला माझं काहीच नको असतं. मधे पान आलं की सुटतं. कल्पना माझी नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१च्या जूनपासून, ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग होतं, आणि तिथल्या स्त्री-स्वयंसेवकांच्या संघटनेने भराभर वाढणाऱ्या मुलांच्या कपड्यांसाठी अदलाबदलीची केंद्रं चालवली होती. आणलेल्या कपड्याला गुण, त्या गुणांवर दुसरा कपडा. आमच्या वन-बीएचकेत पाच जणी आणि पत्त्यांचा एक कॅट, एवढाच फरक.

मजा आली. इतकी की, पुढची विंझरला करू, असं मीच बोलून बसले. डिसेंबर होता, भात झोडून झाला होता, घराचं अंगण मोकळं. मैत्रिणींना राजगडही करायचा होता. चेलाडी फाट्यावरून आत वळलो, नसरापूर, मार्गासनी करत दुपारी घरी. शनिवारी गड, रविवारी कपडे. आळीतल्या बायकांनाही बोलवायचं ठरवलं.

आईने ऐकलं आणि तांदूळ निवडायचे थांबवले. "लोकं म्हणतील, पुण्याच्या पोरी जुनी कापडं वाटायला आल्यात."

"वाटायची नाहीत गं. बदलायची."

"अंगावरचं काढलेलं कोण घेतंय? आणि कुणाचं कुठलं, कुणी काय करून दिलंय..."

करणीची भीती हा एक भाग झाला. दुसरा जास्त खोल आहे. अंगावरचा कपडा खाली वाहतो. मोठ्याकडून धाकट्याकडे, शहरातून गावाकडे, घरातून कामाला येणाऱ्या बाईकडे. तो उलटा वर चढत नाही. ज्याला आपण आपला कपडा देतो, त्याचा आपण घालत नाही. सगळ्यांना हे माहीत असतं, म्हणून कुणी बोलत नाही. यातून सुटलेली एकच जागा मला आठवते, बोहारीण. ती उंबऱ्यावर बसून प्रत्येक पॅन्ट उजेडात धरायची, ढुंगणावर विरलेली निघाली की बाजूला टाकायची आणि स्टीलच्या डब्यासाठी "अजून एक साडी टाका ताई" म्हणून अडून बसायची. आई तिच्याशी तासभर भांडायची. घेणारीने माल नाकारलाय आणि देणारी विनवण्या करतेय, असं आमच्या दारात फक्त तेव्हाच दिसायचं.

बायका आल्या, पण रिकाम्या हाताने, बघायला. पडवीत दोऱ्या बांधून मैत्रिणींनी कपडे टांगले होते. कुणी हात लावेना. कोंडी फोडली ती चुलत्यांच्या घरच्या काकूंनी. घरी जाऊन त्यांनी एक साडी आणली. प्लॅस्टिकच्या पिशवीतली, घडी न मोडलेली, आहेराची.

मग रांगच लागली. आहेराची साडी म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. लग्नात मिळते, फॉल लागत नाही, पुढच्या लग्नात पुढे जाते. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापलं तरी जाते. ब्लाऊजपीस तर निव्वळ चलन आहे, ते शिवायचं असतं हेच आपण विसरलोय. तासाभरात पडवीत वीसेक साड्या आणि दोन टॉवेल-टोप्या जमल्या. आईनेही ट्रंकेतून एक जांभळी काढली. काकूंनी ती उलटून पाहिली, काठाजवळचा शाईचा ठिपका शोधला आणि म्हणाल्या, "वैनी, ही तर माझीच. धाकट्या दिराच्या लग्नात मी तुमच्या जाऊबाईंना दिलेली." जाऊबाईंनी ती आईला कधी दिली, हे त्यानंतर अर्धा तास चाललं. आम्ही एका संध्याकाळपुरती आणलेली गोष्ट या बायका वर्षानुवर्षं चालवत होत्या, तीही कुणाचं किती देणं फिरतंय हे तोंडपाठ ठेवून. माझ्या पत्त्यांची त्यांना काही गरज नव्हती. तरी त्यांनी पानं घेतली, आणि राजा-राणी आलेल्या बाईने दुर्रीवालीपेक्षा दोन साड्या जास्त मागितल्या.

ती शेवटी आली. गणवेशवाली. लग्न होऊन ती दोन गावं पलीकडे गेलेली, माहेरी आली होती, कडेवर मुलगी. दोरीवर माझ्या एका मैत्रिणीचं जाड राखाडी जॅकेट होतं. तिने बाहीला हात लावला, अस्तर पाहिलं, चेन वर-खाली करून पाहिली. तिच्याकडे पान नव्हतं.

मी म्हणाले, "अगं घे की तू. तुला कशाला पान?"

तिने चेन खाली केली. जॅकेट सरळ केलं, खांदे दोरीवर नीट बसवले. "बघत होते ताई," म्हणाली आणि मुलीला घेऊन निघून गेली.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकू जांभळ्या साडीवर होत्या. मी हातात कॅट घेऊन उभी होते, आणि मला तो निळा फ्रॉक आठवला, मग लाल दोरा. सगळ्यांना नियम लावले आणि तिला तेवढा सोडला. प्रेमानेच. आतेबहीणही प्रेमानेच बोलली होती.

अंशू गुप्तांनी १९९९ साली सुरू केलेल्या 'गूंज'बद्दल मी पूर्वी वाचलं होतं. त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा बरंच छापून आलं होतं. शहरातून जमलेले कपडे ते गावात नुसते वाटत नाहीत. गावाने मिळून विहीर उपसावी, रस्ता नीट करावा, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत, अशी त्यांची पद्धत. वाचताना मला ती उगाच लांबण वाटली होती. एवढी गरज आहे तर देऊन टाका की, असं.

तिच्या मागे जाऊन माफी मागावी असं वाटलं, पण तेही माझ्याच सोयीचं झालं असतं. मी जॅकेट दोरीवरून काढून ठेवलंही नाही. कुणी पान घेऊन आलं असतं, तर गेलं असतं. त्या तासाभरात माझ्याच एका मैत्रिणीने ते दोनदा घालून पाहिलं. मी गप्प राहिले. ते मात्र जड गेलं.

दिवेलागणीला ती परत आली, एकटी. हातात एक सुती साडी, मोरपंखी, बारीक काठाची. आहेराची नव्हे. नेसलेली, दोन-चारदा धुतलेली, इस्त्री करून आणलेली. आख्ख्या पडवीत घडी मोडलेली साडी तेवढी एकच.

"ही चालती का?" तिने विचारलं. मला नव्हे, माझ्या मैत्रिणीला, जी वहीत नोंद करत होती.

मैत्रिणीने शहरी सवयीने साडी उलगडून डाग, भोकं पाहिली. मला धस्स झालं. ती मात्र शांतपणे पदर धरून उभी राहिली, अजून उजेडात दाखवायला. मग तिला इस्पिक सत्ती मिळाली. तिने ती दिली आणि जॅकेट घेतलं. तिथेच अंगात घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली.

माझ्याकडे त्या दिवशीची दोन पानं उरली होती. मी एक टाकलं आणि मोरपंखी साडी उचलली. आईने पाहिलं. काही म्हणाली नाही, पण रात्री भाकरी टाकताना विचारलं, "नेसणार आहेस की नुसतीच नेतीयेस?"

"नेसणार आहे."

"मग काठाला एक ठिकाणी उसवलीय. आण इकडे."

तिने सुई-दोरा काढला. मोरपंखी दोरा घरात नव्हता, म्हणून निळ्याने टाके घातले. ते दिसतात.