टळलेले प्रस्थान

लष्कर येताच गावाने दारे लावून घ्यावीत, हा इतिहासाचा जुना परिपाठ. परंतु २०२१ च्या प्रारंभी अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, नेमके उलट घडले. लष्करी वाहनांची परीक्षा घेणारी 'व्हीआरडीई' ही संस्था चेन्नईस हलणार, अशी वार्ता उठली आणि शहर अस्वस्थ झाले. स्थलांतर होणार नाही, असे आश्वासन मिळाले तेव्हा कोठे त्याने निःश्वास सोडला.

त्या निःश्वासात शौर्याचा अभिमान थोडा आणि चुलीची काळजी फार होती, असे मला वाटते. आणि त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. संस्थेच्या आधाराने घरमालक, वाणी, चहावाला असे सारेच जगतात.

मी ब्राह्मणपुरीचा, खानदेशातला. म्हणून मला धरणगाव आठवले. १८२५ साली जेम्स औट्रमने उभारलेल्या भिल्ल पलटणीचे ते ठाणे. पुढे पलटण पोलिसांत विलीन झाली, तरी गाव उजाड झाले नाही. त्याचा कापूस त्याच्याच मातीत पिकत होता. नगरकरांचा आनंद खराच आहे. परंतु जी भाकरी दिल्लीच्या एका सहीने हिरावली जाऊ शकते, तिच्या जोडीला घरचे मूठभर धान्य असावे, हे बरे.