खाडा

चाळिशीत लोकांना चाळिशी लागते. आम्हाला प्रोग्रॅम लिहिण्याचा नाद लागला. दिवसभर बँकेत दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमपुढे मान खाली घालायची आणि रात्री वडनेर भोलजीच्या घरी स्वतःचा लिहून त्याचा वचपा काढायचा, असा हा छंद.

पहिला मोठा संकल्प दुधाच्या हिशेबाचा. त्यासाठी डेटाबेस केला, पासवर्ड ठेवला (दूध चोरीला जाऊ नये म्हणून असेल), रंगीत आलेखसुद्धा काढला. दूध रोज एकच लिटर येत असल्यामुळे आलेखाची आडवी रेघ काही हलेना. पण रेघ देखणी होती. दूध आले की त्या तारखेला 'हो' म्हणून नोंदवायचे, महिनाअखेर बिल तयार.

सौ.चा हिशेब मात्र स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर. दूध आले नाही त्या तारखेवर फुली. बाकी काही नाही. या अडाणीपणाला आम्ही मनसोक्त हसत असू.

ऑक्टोबरचे बिल प्रोग्रॅमने काढले : सहा खाडे, पंचवीस दिवस, साठ रुपये दराने १५०० रुपये. दूधवाले भाऊ तोंडी म्हणाले, १७४०. आम्ही त्यांना दारातच संगणकाचा पडदा दाखवला. यंत्र खोटे बोलत नाही वगैरे प्रवचनही झाले. ते पडद्याकडे पाहत राहिले, मग पंधराशे मोजून घेतले आणि गाडीला किक मारून निघून गेले.

संध्याकाळी सहज कालनिर्णय पाहिले. फुल्या दोनच!

चार दिवस आमच्याकडून नोंद करायची राहिली होती. नोंद नाही म्हणजे दूध नाही, असा प्रोग्रॅमचा कायदा. आणि कायदा करणारे आम्हीच. त्या चारही दिवशी आम्ही चहा प्यालो होतो, हे संगणकाला कोण सांगणार? अहो, दूध येणे हा नियम आणि न येणे हा अपवाद. लिहून ठेवायचा तो अपवाद. बी.कॉम. होऊन, अर्धा जन्म खातेवह्यांत घालवून जे सुचले नाही, ते घरात खिळ्याला टांगलेले होते.

रात्री सगळे पुसून टाकले. आता एक साधी फाईल आहे. तिच्यात फक्त खाड्यांच्या तारखा, ओळीला एक. सोबतीला 'ऑक' नावाचे जुने हत्यार. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत अ‍ॅहो, वाइनबर्गर आणि कर्निघॅन या तिघांनी ते १९७७ मध्ये घडवले आणि आपल्याच आडनावांची आद्याक्षरे त्याला दिली. त्याला एवढेच सांगायचे : ओळी मोज, एकतीसातून वजा कर, साठाने गुण. तीनशे ओळींचे काम एका ओळीत! मोठ्या ऐटीत सौ.ला दाखवले.

"म्हणजे माझं कॅलेंडरच ना?" ती म्हणाली.

जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढले १९७३ मध्ये, म्हणजे ते ऑकपेक्षा चार वर्षांनी वडीलच. आम्ही वाद घातला नाही.

राहिले २४० रुपये. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीचा आवाज येण्याआधीच दारात जाऊन उभे राहिलो. पैसे त्यांच्या हातावर ठेवले, चूक सांगितली आणि विचारले, "भाऊ, तुम्हाला ठाऊक होतं, तर बोलला का नाहीत?"

"कायले बोलू, साहेब? मले वाटलं, दिवायीनं हात तंग झाला असन. मशीनचं नाव सांगून राह्यले, तं सांगू द्या."

त्यांनी लिटरचे माप भरून पातेल्यात ओतले आणि वर आणखी थोडे घातले. त्या थोड्याला फाईलमध्ये जागा नाही. कालनिर्णयावरही नाही.