मे महिन्याची साक्ष

मॉन्सून म्हणजे खाऱ्या वाऱ्यांचाच अवाढव्य अवतार, हे मी भूगोलाचा मास्तर म्हणून नोकरीभर छातीठोकपणे सांगितलं. आज माझं मत तसं नाही. ते कसं फिरलं ते सांगतो, कारण हे फिरणं सुखासुखी झालं नाही.

कोकणात शिकवणाऱ्याला ते जुनं मत आपसूकच चिकटतं. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, तिथला दाब उतरतो आणि समुद्रावरची गार, जड हवा तिकडे धाव घेते. एप्रिलच्या दुपारी बंदरावर उभं राहिलं की हा धडा सरळ तोंडावर येऊन आदळतो. रात्री जमीन निवते आणि मतलई वारे सुटतात. हेच दिवसाचं गणित वर्षाला लावलं की झाला मॉन्सून! धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीनेही 1686 मध्ये साधारण हेच मांडलं होतं. उरला प्रश्न दिशेचा. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून आपल्यावर येतात. तो भाग तेव्हाही बरोबर होता, आजही आहे. फळ्यावर गुलाबी खडूचा भारत, निळ्या खडूचे वाकडे बाण. पोरांना पाच मिनिटांत समजायचं आणि मलाही फार हुशार असल्यासारखं वाटायचं.

या चित्राला पहिला तडा गेला तो जॉर्ज सिम्पसन यांच्या युक्तिवादाने. हे गृहस्थ स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेत हवामानतज्ज्ञ होते आणि सिमल्याला भारतीय हवामान खात्यातही होते. (ते सिमल्याचं कार्यालय 1928 मध्ये पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात.) सिम्पसन यांनी 1921 मध्ये तीन साध्या गोष्टींकडे बोट दाखवलं. भारत सर्वांत जास्त तापतो तो मे महिन्यात, पण पावसाचा भर असतो जुलैत. सर्वांत तापलेला भाग वायव्येचा, पण तिथेच पाऊस नावापुरता. आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी पावसाळ्यात जमीन चांगल्या पावसाच्या वर्षापेक्षा जास्त तापलेली असते.

मी लगेच पळवाटा शोधल्या. जुलैत पारा उतरतो तो पावसामुळेच, त्यात नवल काय? पण मग खाऱ्या वाऱ्यांचं काय होतं ते आठवलं. संध्याकाळी जमीन निवली की ते मरगळतात. इकडे नागपूरचा पारा मे महिन्यातल्या पंचेचाळिशीवरून जुलैत तिशीच्या आसपास येतो आणि अरबी समुद्रावरचा वारा मात्र तेव्हाच ऐन जोरात असतो. चूल विझल्यावर भात उकळत राहावा, तसला हा प्रकार. वायव्येच्या वाळवंटासाठीही माझ्याकडे उत्तर होतं: तिथे वरून कोरडी हवा दबून बसलेली असते, ढगांना उंच चढूच देत नाही. उत्तर खरं आहे, पण त्यातून माझंच म्हणणं कापलं गेलं. नुसतं तापून दाब उतरला म्हणजे पाऊस येतो असं नाही, हे मीच कबूल करत होतो. दुष्काळी वर्षाच्या मुद्द्यावर तर पळवाट सापडलीच नाही.

मग हे सगळं चालतं कशावर? इथे मला सुलोचना गाडगीळ यांचं म्हणणं पटलं. मूळच्या पुण्याच्या, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मॉन्सूनच्या मागे लागलेल्या बाई. त्यांनी आणि पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतल्या डी. आर. सिक्का यांनी उपग्रहांची रोजची ढगांची चित्रं घेतली, रेखांश धरून दिवसामागून दिवस ताडून पाहिली आणि 1980 मध्ये निष्कर्ष छापला. दोन्ही गोलार्धांतले वारे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे ढगांचा एक पट्टा पृथ्वीभोवती असतो. तो सूर्यामागून उत्तरेला सरकतो. आपल्याकडे तो पार गंगेच्या खोऱ्यापर्यंत चढतो, आणि तोच आपला मॉन्सून. एकदा हा पट्टा बसला की बाष्पाचं पाणी होताना जी उष्णता सुटते, ती वरची हवा तापवते, खालचा दाब उतरलेलाच ठेवते आणि आणखी वारे ओढून घेते. म्हणजे जमीन तापली म्हणून पाऊस, एवढ्यावर भागत नाही. पाऊस पडतोय म्हणूनही दाब कमी राहतो.

जमिनीला मी पूर्ण निवृत्त केलेलं नाही. मोकळ्या महासागरावर हा पट्टा इतका उत्तरेला जात नाही, आपल्याकडे जातो, तेव्हा तापलेल्या उपखंडाचा त्यात हात आहेच. पण तो जुनं मत धरून बसण्याइतका मोठा नाही.

मत बदलल्याचा खरा परिणाम दिसतो तो पावसाने ओढ दिली की. पूर्वी मी थर्मामीटर बघून सांगायचो: तापलंय, म्हणजे येईलच. आता मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडतो आणि भारत सोडून श्रीलंकेच्या खाली बघतो. पावसातल्या खंडाच्या काळात ढगांचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो किंवा विरतो, आणि विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर नवा पट्टा धरू लागतो. तो वर चढत आला की आपल्याकडे पुन्हा झोड उठते. ही ये-जा हंगामात काही आठवड्यांच्या अंतराने चालते.

मध्यंतरी लावणी तोंडावर आली आणि पावसाने दडी मारली. शेजारचे तात्या कुंपणापाशी आले. "गुरुजी, एवढं उकडतंय, आता लागेल ना पाऊस?"

"उकाड्यावर जाऊ नका, तात्या. लंकेखाली ढग धरलेत, पण ते वर यायला आठवडा तरी जाईल."

तात्यांनी माझ्या मोबाइलकडे संशयाने पाहिलं. "तुम्हीच शिकवलंत माझ्या पोराला, जमीन तापली की वारा येतो म्हणून. आता तुम्ही लंकेचं सांगताय. ठरवा एकदा काय ते, माझी रोपं पिवळी पडायला लागलीत."