दमा छातीत, पण तोल पायात

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. विडी-तंबाखूला कधी शिवल्या नाहीत, पण कोरेगाव तालुक्यातल्या घरी उभं आयुष्य चुलीपुढे गेलं. साताऱ्यात आमच्याकडे आल्यावर डॉक्टरांनी सीओपीडी सांगितला. घरात सगळे दमाच म्हणतात.

राजवाड्याकडचा चढ झेपेना, म्हणून त्यांचं बाहेर जाणं बंद झालं. मग घरातलं फिरणंही कमी झालं. थंडीत दम वाढला की स्टेरॉइडच्या गोळ्या, रात्री ऑक्सिजन. गेल्या हिवाळ्यात पहाटे लघवीला उठल्या, घाईत नळीत पाय अडकला आणि उंबऱ्याशी पडल्या. मनगट मोडलं.

प्लास्टर झालं. का पडल्या, हे कुणी विचारलं नाही. वय झालं, म्हणाले सगळे. प्लास्टर निघालं तरी आत्या भिंत धरूनच चालायच्या. मलाही रात्री जरा खुट्ट झालं की जाग यायची.

पुढे त्या सांगलीला माझ्या नणंदेकडे राहिल्या. तिथून मिरजेला एका फिजिओथेरपिस्ट बाईंना दाखवलं.

“आजी, हात न टेकता खुर्चीतून उठा बरं.”

आत्या पुढे झुकल्या, जोर लावला आणि परत बसल्या. हात आपसूक मांड्यांवर गेले होते.

बाईंनी समजावलं. दम लागतो म्हणून माणूस हलत नाही, आणि न हलल्याने मांड्या वाळतात. वरचेवर स्टेरॉइड घ्यावं लागलं तर स्नायू आणि हाडं कमजोर होतात. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

व्यायाम साधे होते. ओटा धरून टाचा उचलणं, आडवं चालणं, एका पावलापुढे दुसरं लावून उभं राहणं. खुर्चीतून ऊठबस. उठताना गरम चहावर फुंकर मारतो तसा ओठांतून श्वास सोडायचा. शेजारी कुणीतरी उभं हवंच. एक वाक्य सलग बोलता येईना की थांबायचं. ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला तरी थांबायचं, हा आत्यांसाठी डॉक्टरांनी दिलेला आकडा.

साताऱ्याच्या घरातही बदल केले. गोधडीची पायपुसणी काढली. संडासात धरायला दांडी बसवली. नळी भिंतीच्या कडेने चिकटवली. रात्री बारीक दिवा, आणि साडीऐवजी गाऊन. गाऊनला आत्या कबूल व्हायलाच सगळ्यात वेळ लागला. उठताना आधी खाटेच्या कडेला बसून दम खायचा, मग पाय टाकायचा.

दम आहे तसाच आहे. राजवाड्यावर जायला रिक्षाच लागते. पण हात न टेकता उठतात, आणि नंतर पडलेल्या नाहीत.

तुमच्याकडे दम्याचं माणूस असेल तर पुढच्या तपासणीत दोन गोष्टी आपणहून सांगा: वर्षभरात ते कधी पडलं का, आणि खुर्चीतून हात न टेकता उठतं का. छाती तपासताना हे बहुधा राहून जातं.