हेलियम आणि विजयदुर्ग

सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम हे सारे धातू. नावाच्या शेवटी ‘इयम’ आलं की रसायनशास्त्रात बहुधा धातूच समजायचा. निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन या निष्क्रिय वायूंच्या नावांचा शेवट ‘ऑन’ने होतो. हेलियम त्यांचाच सख्खा भाऊ, तरी त्याचं नाव धातूचं.

कारण नाव ठेवलं तेव्हा हा वायू कुणाच्या हाती लागलेलाच नव्हता. होती फक्त सूर्यप्रकाशातली एक पिवळी रेघ.

१८ ऑगस्ट १८६८चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला आले होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात हर्शेलना तांबडी, नारिंगी आणि निळी अशा रेघा दिसल्या. नारिंगी रेघ त्यांना सोडियमचीच वाटली. पुढे २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. सोडियमच्या जोडरेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या, तर हर्शेलना नारिंगी वाटलेली ही पिवळी रेघ ५८७.५ची. एवढ्याशा फरकावरून नवं मूलद्रव्य मानायला मोठी हिंमत लागते, आणि लॉकयर यांनी ती दाखवली. ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे ‘हेलिऑस’, त्यावरून हेलियम. हा धातू असावा या अंदाजाने ‘इयम’ जोडलं गेलं. १८७१ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात या नावाचा उल्लेख केला. अनेक रसायनतज्ज्ञांना मात्र ते पटलं नाही.

१८९५ साली विल्यम रॅमसे यांना लंडनमध्ये क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून एक वायू मिळाला. रेघ तीच! धातूचा अंदाज चुकला, पण नाव तोवर रुळलं होतं.

आपल्याकडे हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागल्याचं हौसेनं सांगितलं जातं, तिथले ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. लॉकयर विजयदुर्गला आले खरे, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. १८६८ साली ते इंग्लंडमध्येच होते. यानं कोकणाचं काही उणं होत नाही. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाची वेधशाळा तिथे उभी राहिली, हा अभिमान पुरेसा आहे. तेव्हा मुलांना किल्ला दाखवताना १८९८ हेच साल सांगा, आणि १८६८ची गोष्ट निघाली तर जमखंडीचं नाव जरूर घ्या.