सहलीचा मसुदा

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला रजेची एकच दिशा ठाऊक असते, आणि ती म्हणजे गावाकडची. साठविलेली अर्जित रजा, मुलांची सुट्टी आणि गाडीचे आरक्षण या तिहींचा मेळ बसला की तो सामान बांधतो आणि निघतो. तेथे जाऊन तो विश्रांती घेतो असे मात्र नव्हे. आठ दिवसांत अकरा घरचा चहा, एखादे लग्न, एखादे बारसे आणि बांधावरचा एखादा जुना तंटा एवढे उरकून तो परततो, तेव्हा कामावर रुजू होणे हीच त्याला विश्रांती वाटू लागते. जेथे आपले कोणी नाही अशा ठिकाणी, केवळ चार दिवस सुखात घालविण्यासाठी, साऱ्या कुटुंबाने जावे ही कल्पना आपल्याकडे अजून थोडी संकोचाचीच आहे. यात्रेला निमित्त लागत नाही, सहलीला लागते.

आम्हाला ते निमित्त सरकारी नियमाने पुरविले. रजा प्रवास सवलतीचा हिशेब आपणा सर्वांच्या तोंडपाठ आहे. चार वर्षांच्या गटात दोनदा स्वग्रामी जावे, किंवा एकदा स्वग्रामी व एकदा भारतात कोठेही. त्यातच एक विशेष सूट आहे. स्वग्रामाची एक पाळी सोडून दिली तर तिच्या बदल्यात अंदमानास जाता येते, आणि ज्याला एरव्ही विमानाचा अधिकार नाही अशा माझ्यासारख्या कारकुनालाही चेन्नईहून तेथपर्यंत विमानाने जाता येते. आमची भारतदर्शनाची पाळी पूर्वीच खर्ची पडली होती. म्हणजे प्रश्न सरळ होता. गाव, की बेट?

घरात दोन पक्ष पडले. वडील माण तालुक्यातील आमच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल होते. तुटपुंज्या मानधनावर त्यांनी तीस वर्षे पुस्तके दिली-घेतली, आणि त्यांत सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ त्यांनी स्वतःच्या हाताने तीनदा पुन्हा बांधली. ती कोठडी एकदा डोळ्यांनी पाहावी ही त्यांची जुनी इच्छा. आता त्यांचे वय एकाहत्तर, आणि गुडघे त्याहून दोन वर्षांनी वडील. आईचे मन मात्र गावाकडे होते. तिची थोरली बहीण तेथे एकटी असते व अलीकडे फारशी हिंडत-फिरत नाही. आई एवढेच म्हणाली, “समुद्र कुठं पळून जातोय? माणसं मात्र जातात.” या वाक्याला उत्तर नव्हते. वडिलांनीही दिले नाही. चार दिवस घरात अंदमानाचा उच्चार झाला नाही.

तंजावरला राहून अंदमान विसरणे मात्र तसे कठीण आहे. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर राजेंद्र चोळाचा जो लेख आहे, त्यात त्याच्या 1025 च्या आरमारी स्वारीत जिंकलेल्या ठिकाणांची यादी आहे. तीत नक्कवारम हे एक नाव येते. ते म्हणजे निकोबार, असे विद्वान मानतात. स्वारी होती ती श्रीविजयाच्या राज्यावर. आणि 2024 साली पोर्ट ब्लेअरला जे नवे नाव मिळाले, ते श्री विजय पुरम. याच मंदिराच्या आवारात दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा मराठी लेखही आहे. वडील संध्याकाळी फिरावयास म्हणून तेथे जातात व आपली मराठी अक्षरे वाचून परततात. त्या आठवड्यात ते आईलाही बरोबर घेऊन गेले. तेथे त्यांचे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. परत आल्यावर आई म्हणाली, “जाऊ या. पण पुढची पाळी माझ्या बहिणीची.”

अशा रीतीने मंजुरी मिळाली. आता मसुदा हवा होता.

एका प्रवासी कचेरीने आम्हाला छापील पत्रक दिले होते. सहा दिवसांत सतरा स्थळे. प्रत्येक स्थळापुढे वेळ होती, जेवणापुढेही होती. वरिष्ठांचा तपासणी दौरा ठरवावा, तसा तो कार्यक्रम होता. सौ.ने तो वाचून एकच प्रश्न विचारला, “यात बसायचं कधी?”

तेव्हा वडिलांनी वाचनालयातली युक्ती काढली. तेथे नवी पुस्तके घेण्यापूर्वी ते वाचकांकडून मागणीच्या चिठ्ठ्या घेत. त्यांनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि तीवर एकच मागणी लिहावयास सांगितली. त्या चिठ्ठ्या अजून माझ्यापाशी आहेत. वडिलांची एका शब्दाची होती: कोठडी. नऊ वर्षांच्या मुलाला काचेच्या तळाच्या नावेतून प्रवाळ आणि मासे पाहावयाचे होते. चौदा वर्षांच्या मुलीने शास्त्राच्या पुस्तकात वाचले होते की काळोख्या रात्री समुद्रातले सूक्ष्म जीव पाणी ढवळताच चमकतात. ते तिला पाहावयाचे होते. आईने लिहिले, ‘पाण्यात पाय सोडून बसणे. कुणी उठ म्हणू नये.’ सौ.ची मागणी अशी: ‘आज जेवायला काय करायचं, हे आठ दिवस मला कुणी विचारू नये.’

पाच चिठ्ठ्यांत स्थळ म्हणता येईल असे एकच होते. उरलेल्या सगळ्या मागण्या वेळेच्या होत्या, म्हणजे कोणाला आपली म्हणून एक रात्र, एक सकाळ, एक दुपार हवी होती. सतरा स्थळांचे पत्रक त्याच दिवशी निरुपयोगी झाले. आम्ही जागांऐवजी माणसे मांडली. एक दिवस एकाचा. इतरांनी त्या दिवशी त्याचे पाहुणे व्हावयाचे.

मात्र बेटावर मनुष्याखेरीज आणखी तिघांची संमती घ्यावी लागते: सूर्याची, चंद्राची आणि नावेची. अंदमान आपल्या घड्याळावर चालते, पण सूर्य आपल्या घड्याळावर चालत नाही. ही बेटे तंजावरच्या पूर्वेस सुमारे साडेतेरा रेखांश आहेत, म्हणून तेथे सूर्य जवळजवळ पाऊण तास ते तासभर आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास दिवस संपतो. येथल्यासारखे दुपारचे जेवण, मग वामकुक्षी, मग चहा आणि मग फिरणे असा क्रम ठेवला, तर फिरणे अंधारातच होते. आम्ही सारा दिवस तासभर पुढे ओढला आणि झोपही तशीच.

चंद्राचा कारभार आईने पाहिला. तिच्याजवळ पंचांग असते. पोंगलची सुट्टी संक्रांतीला जोडून येते आणि पौषी अमावास्या त्यानंतर चार दिवसांवर होती. मुलीला काळोखी रात्र हवी होती, म्हणून तिला अमावास्या सोयीची. आईला ती नावेत पाऊल ठेवण्यास गैरसोयीची. तोड निघाली. अमावास्येच्या आदल्या दिवशी स्वराज द्वीपावर पोचावयाचे, आणि त्या दिवशी पाणी ओलांडावयाचे नाही. 2018 पर्यंत या बेटाला हॅवलॉक म्हणत. या तोडीचा एक लाभ नंतर कळला. अमावास्येच्या आसपास ओहोटी अधिक खोल जाते. त्यामुळे दोन दिवसांनी शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नीलवर, एरव्ही पाण्याने घेरला जाणारा खडकाचा नैसर्गिक पूल कोरड्या पायांनी गाठता आला. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. जाणाऱ्याने ती स्थानिक माणसाला विचारून मगच दिवस ठरवावा.

एक स्थळ आम्ही विचारपूर्वक गाळले. बाराटांगच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. वाहनांना तेथे तांड्याने, ठरल्या वेळी सोडतात. थांबण्यास व छायाचित्र घेण्यास बंदी आहे. आदिम जमातींच्या संरक्षणाचा नियम 1956 पासून आहे. गुहा पाहण्यास हरकत नव्हती. पण पत्रकात ‘वाटेत आदिवासी दिसण्याची शक्यता’ हे वाक्य आकर्षण म्हणून छापले होते. वडील म्हणाले, “आपल्या दारावरून रोज गाड्या जाऊन आत डोकावू लागल्या तर?” मुलाने स्वतःच त्या ओळीवर काट मारली.

पैशाचाही विचार होता. सरकार भाडे देते. राहणे, जेवणे आणि बेटाबेटांमधल्या नावा आपल्या खिशातून. सवलतीबरोबर मिळणारे दहा दिवसांच्या अर्जित रजेचे रोखीकरण या कामी आले. त्यातून सौ.ची मागणी पुरविली गेली. चूल, डबा, थर्मास यांपैकी काहीही बरोबर घेतले नाही. डबा घेतला तो फक्त तिळगुळाचा.

पहिला दिवस वडिलांचा होता. सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी, आम्ही सेल्युलर जेलमध्ये गेलो. 1896 ते 1906 या दहा वर्षांत बांधलेल्या या तुरुंगाचे मध्यावर एक मनोरा आणि त्यातून फुटलेले सात पंख असे रूप होते. आज तीन पंख उभे आहेत. रचना अशी, की एका पंखातील कोठड्यांची तोंडे दुसऱ्याच्या पाठीकडे. कैद्याने कैद्याचे तोंड पाहू नये हाच हेतू. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. वडिलांनी दर जिन्याच्या वळणावर विसावा घेतला. कोणी घाई केली नाही. तो दिवसच त्यांचा होता. कोठडीत त्यांनी पावले मोजली. लांबी सुमारे पंधरा फूट, रुंदी नऊ. मुलगी हळूच म्हणाली, “आपल्या तंजावरच्या स्वयंपाकघराएवढीच आहे.” वडील काही बोलले नाहीत. त्या खिडकीकडे, जी हाताला पोचत नाही, ते बराच वेळ पाहत राहिले.

आई खालीच बाकावर बसली होती. तिला चढावयाचे नव्हते. आम्ही उतरल्यावर तिने विचारले, “दोघं भाऊ इथंच होते ना?” वडिलांनी सांगितले, की बाबाराव आधी आले, धाकटे 1911 मध्ये. एकाच तुरुंगात असूनही त्यांना बराच काळ एकमेकांची भेट होऊ दिली नाही. 1921 मध्ये दोघांना येथून हलविले. आई पुटपुटली, “एका छपराखाली सख्खे भाऊ, आणि भेट नाही.” मग दिवसभर ती गप्प होती.

त्या संध्याकाळी समुद्राच्या कठड्यावर बसून तिने बहिणीला दूरध्वनी लावला, समोर चित्र दिसते तसा. चेन्नईपासून या बेटांपर्यंत समुद्राच्या तळाशी सुमारे 2300 किलोमीटरची तार टाकली आहे. ती ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली. पूर्वी येथून बोलणे मोठे जिकिरीचे होते. आईने यंत्र पाण्याकडे फिरविले. माणातून मावशीचा आवाज आला, “अगं बया! एवढं पाणी! आन् आमच्या इथं घागर भरंना.” आई हसली, मग तिने डोळे पुसले आणि तिला तिळगुळ दाखविला. तो दिवस वडिलांचा होता खरा, पण मला वाटते, त्याचा अर्धा भाग आईने आपल्याकडे वळविला, आणि वडिलांनी तो आनंदाने दिला.

पुढचे दिवस ठरल्याप्रमाणे गेले. मुलाने मासे पाहिले आणि नावाड्याशी तमिळमध्ये गप्पा मारल्या. बेटांवर तमिळ बोलणारे पुष्कळ आहेत, आणि तंजावरच्या शाळेने त्याला जी भाषा दिली ती येथे साऱ्या कुटुंबाच्या उपयोगी पडली. अमावास्येच्या रात्री मुलीने पाणी ढवळले, तेव्हा चार-दोन निळसर ठिणग्या उठल्या आणि विझल्या. पुस्तकातल्या चित्राइतक्या त्या नव्हत्या, पण तिला पुरल्या. राधानगरच्या वाळूत आई दोन तास पाण्यात पाय सोडून बसली. तिला कोणी ऊठ म्हटले नाही. सौ.ने एक दुपार झोपून काढली. त्या दुपारी आम्ही काय पाहिले, असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे काही नाही.

सहलीहून परतलेल्याला आपण विचारतो, “काय काय पाहिलंत?” हा प्रश्न दौऱ्याचा आहे. बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत प्रत्येक जण काही ना काही सोडून आलेला असतो. कोणी बहीण सोडलेली असते, कोणी वाचनालय, कोणी शाळेतली मैत्रीण. नोकरी माझी, स्थलांतर मात्र सर्वांचे. वर्षभर त्यांचा दिवस माझ्या कचेरीच्या वेळेवर चालतो. रजेत तरी तो त्यांच्या हाती परत द्यावा, एवढेच सहलीच्या मसुद्याचे काम आहे. त्याला बेटच हवे असे नाही. पण बेटावर ते सोपे जाते, कारण तेथे चहाला बोलावणारे कोणी नसते.

पुढच्या गटातील स्वग्रामाची पहिली पाळी आईच्या नावे लिहून ठेवली आहे. तिने चिठ्ठीही दिली आहे. तीवर लिहिले आहे: ‘बहिणीकडे आठ दिवस. दुसरीकडे कुठे नाही.’